बा एंगेजच्या पश्चात गिटारी कोणी लावाव्यात

मी, ड्रिशन सोहतुन, वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार जाइआव, शिलाँग, आज गुरुवार दिनांक १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी, पोटभर जादोह, म्हणजे मांसाचा भात, खाऊन आणि दोन कप लाल चहा पिऊन, स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. उजवा हात जरा थरथरतो, पण विचार मी हाताने करत नसल्यामुळे त्याची साक्ष कोणी धरू नये. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही आणि काही पाजलेलंही नाही.

लिहायचं कारण असं, की माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. पुढच्या महिन्यात गुवाहाटीला ती बदलणार आहेत. डॉक्टर तरुण आहेत. मी त्यांना विचारलं, "पार्ट नवा घालणार की जुन्यावरच भागवणार?" ते म्हणाले, "नवा." मग मी म्हटलं, "घाला. जुना मात्र मला दाखवा." पार्ट बदलणाऱ्याने गिऱ्हाइकाला जुना पार्ट दाखवायचा असतो, ही या धंद्यातली रीत आहे. डॉक्टर हसले, पण हो म्हणाले नाहीत. तेव्हा सावध असलेलं बरं.

या मृत्युपत्राचा पहिला मसुदा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वकीलबाईंनी वाचला. "बा ड्रिशन," त्या म्हणाल्या, "यात कायदा कमी आणि गप्पा जास्त आहेत." मी म्हटलं, "कायदा तुम्ही घाला, काँग. गप्पा काढू नका." काँग म्हणजे ताई, जसं बा म्हणजे दादा.

कलम १. यापूर्वी, सन २००९ मध्ये, मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते या लेखाने रद्द समजावं. त्यातलं चौथं कलम तर विशेष रद्द समजावं. त्यात मी लिहिलं होतं की, "फेस्टरवेल पिंग्रोप याने माझ्या शवपेटीला खांदा देऊ नये, हात लावू नये, आणि प्रार्थनेला आलाच तर मागच्या बाकावर बसावं." ते कलम का लिहिलं आणि का खोडलं, हे कलम ५ मध्ये येईल. वाचणाऱ्याने घाई करू नये. मीही केलेली नाही.

कलम २. घराबद्दल. घर माझं नाही. ते माझ्या सासूबाईंचं होतं, त्यांच्याकडून माझी पत्नी तेइलिन थाबा हिच्याकडे आलं, कारण ती धाकटी, आणि तिच्याकडून आमची धाकटी मुलगी इबानरी हिच्याकडे जाईल. यावर माझं मत कोणी विचारलेलं नाही, आणि आमच्या डोंगरात ते विचारायची पद्धतही नाही. पंचेचाळीस वर्षं मी या घरात जावई म्हणून राहिलो. चांगला राहिलो, असं मी म्हणतो. तेइलिन म्हणते, "बरा राहिलात."

मात्र या घरातली एक वस्तू मी घराला परत करतो. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाईंच्या कपाटाचं एक दार मी बिजागरीतून काढलं आणि त्याची गिटार केली. लाकूड काय होतं! चांगलं मुरलेलं, हलकं, गाठ कुठे नाही. बाजारात तसं मिळालं नसतं आणि मिळालं असतं तर मला परवडलं नसतं. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी कपाटाला पडदा लावला आणि म्हणाल्या, "वाजते का तरी?" मी वाजवून दाखवली. त्या म्हणाल्या, "दार जास्त चांगलं वाजायचं." ती गिटार घराबरोबर इबानरीला मिळावी. घराचं दार घराकडे गेलं, की सासूबाईंना वर तोंड दाखवायला मला जरा सोपं जाईल.

कलम ३. पेन्शनचं खातं तेइलिनच्या नावावर आधीच आहे. माझा मोठा कोट आणि हातातलं घड्याळ मुलगा किटबोक याला द्यावं. तो जोवाइला बायकोच्या घरी सुखात आहे. त्याला गिटार देत नाही, कारण त्याला सुरातलं काही कळत नाही. हे तो स्वतःच सांगतो, आणि अशी कबुली देणारी माणसं जगात कमी असल्यामुळे मला त्याचा अभिमान आहे.

कलम ४. हत्यारं. माझी खरी इस्टेट हीच. ती सगळी स्वकष्टार्जित असून त्यांच्यावर माझ्याशिवाय कोणाचा हक्क नाही. ती मी माझ्या बहिणीची मुलगी दाफिशा सोहतुन हिला देतो. दाफिशा दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. चाळिशी गाठलेली, तोंडाने फटकळ आणि हाताने देवमाणूस. केसाएवढा फरक तिला बोटाने कळतो. माझा हात थरथरायला लागल्यापासून नाजूक कानस तीच धरते आणि मी बाजूला बसून सूचना देतो. त्या ती ऐकत नाही. म्हणूनच काम चांगलं होतं.

तिला मिळायच्या वस्तू अशा: सोल्डरिंग आयर्न दोन, एक बारीक आणि एक जाड. कानशी सगळ्या, त्यातली निळ्या मुठीची कोणालाही उसनी देऊ नये. दातांच्या दवाखान्यातून निघालेले आकडे आणि कोरण्या, ज्या मुळात तिनेच आणल्या होत्या, त्यामुळे त्या देतो म्हणणं म्हणजे तिचाच हात धरून तिलाच विडा देणं. मेण वितळवायचं अल्युमिनियमचं पातेलं. पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकाची डबी. तिच्यातले तांब्याच्या तारेचे वेढे सैल पडले की ती शिट्टी मारते, मग तिला गरम मेणात बुडवायचं. ते पातेलं तेइलिन भाजीचं आहे म्हणते. चाळीस वर्षं म्हणते आहे. माझ्या पश्चातही ते तिला देऊ नये, कारण आता त्यात भाजी केली तर सगळ्यांचं तोंड चिकटेल.

तांब्याच्या तारेची तीन रिळंही तिचीच. ही तार टेलिफोन खात्याच्या भंगारातली आहे. भंगार म्हणून निघाली होती की मी काढली होती, हे आता नक्की आठवत नाही. थोडं आठवतं. त्याबद्दल मी देवाशी स्वतंत्र बोलेन.

दाफिशाला सूचना. आपल्याकडे वर्षातले पाच महिने हवाच ओली असते. गिटारीची दांडी पाणी पिते आणि वाकते. लोक येतात आणि म्हणतात, तारा बदला. तारा बदलू नकोस. दांडीच्या आत पोलादी गज असतो, त्याला किल्लीने पाव वळसा दे आणि त्यांना उद्या यायला सांग. लाकडाला रात्रभर विचार करू दे. दुसऱ्या दिवशी गरज वाटली तर आणखी पाव. एकदम अर्धा वळसा देणारा माणूस गिटार मोडतो आणि संसारही.

टेबलाखाली सात गिटारी आहेत, ज्यांचे मालक न्यायला आले नाहीत. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आहे. त्या विकू नयेत. एक जण ऐंशी साली "संध्याकाळी नेतो" म्हणून गेला आहे. संध्याकाळ कोणती ते त्याने सांगितलेलं नाही.

कलम ५. फेस्टरवेल पिंग्रोप याच्याबद्दल.

फेस्टरवेल आणि मी एकाच शाळेत शिकलो, एकाच मंडळीत गायलो आणि एकाच मुलीवर भाळलो. ती आम्हा दोघांनाही सोडून गारो टेकड्यांत तुरा गावी गेली, त्यामुळे मैत्री टिकली. पुढे त्याने चार जणांचा बँड काढला. तो मुख्य गिटार वाजवायचा. ड्रमवर वानशान होता, वानशान शांगप्लियांग, गुबगुबीत आणि कधीही न चिडणारा. मी बँडमध्ये वाजवत नव्हतो. मी त्यांचं सगळं वाजण्याजोगं ठेवत होतो. पोस्टरवर चार चेहरे असायचे, पण जीपमध्ये पाच माणसं असायची.

सन १९९४ च्या ऑक्टोबरात मैदानावर मोठा कार्यक्रम होता. कलकत्त्याच्या एका हॉटेलाचा माणूस आम्हाला ऐकायला येणार होता. पसंत पडलो तर सहा महिने रोज रात्री तिथे वाजवायचं, राहायला खोली आणि पाचवा माणूस म्हणून मलाही सोबत न्यायचं, असं ठरलं होतं. मी खात्यात बिनपगारी रजेचा अर्जही लिहून ठेवला होता. तेइलिनने माझ्यासाठी लोकर आणली होती. मी म्हटलं, कलकत्त्यात थंडी नसते. ती म्हणाली, "मला काय ठाऊक कलकत्त्यात काय असतं? मी विणते, तुम्ही घाला."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी फेस्टरवेल त्याची लाल गिटार घेऊन आला. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर व्हायची. मी बटणाखालचा पार्ट बदलला. त्या पार्टच्या पाठीवर अर्थिंगची वायर सोल्डर करावी लागते. पाठ जाड पत्र्याची, ती तापायला जाड आयर्न लागतं. माझं जाड आयर्न मी एका रेडिओवाल्याला उसनं दिलं होतं. बारीक आयर्नने केलं. धरल्यासारखं वाटलं. मी बोटाने हलवून पाहिलं आणि मनात म्हटलं, चालेल.

कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला फेस्टरवेलने आवाज वाढवला आणि मैदानावर म्हैस हंबरली. दुसरा शब्द नाही. मोठमोठ्या स्पीकरमधून एकच जाडा, न थांबणारा घरघराट. त्याने तार दाबली तरी तोच, सोडली तरी तोच. लोकांनी कानांत बोटं घातली. गाणं थांबलं. मी स्टेजमागून धावत निघालो, तेवढ्यात फेस्टरवेल माईकवर बोलला.

"मंडळी, माफ करा. ही ड्रिशन सोहतुनची दुरुस्ती आहे. टेलिफोनवाल्याकडून गिटार लावून घेतली की एंगेज टोनच यायचा!"

चार हजार माणसं हसली. मी जिन्यावर एक पाय वर आणि एक खाली असा उभा होतो. कलकत्त्याच्या माणसाने हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तो उठला. तो पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी फेस्टरवेल आमच्या पायऱ्यांवर उभा राहिला.

"तू काय केलंस त्यात?" तो म्हणाला.

"तू काय केलंस तिला?" मी म्हणालो. "माझ्याकडून गेली तेव्हा नीट होती."

"म्हणजे मी बिघडवली?"

"म्हणजे मी बिघडवली?"

दोघांचा प्रश्न एकच होता. त्यानंतर सत्तावीस वर्षं आम्ही बोललो नाही. घरं दोन वळणांवर. चर्चमध्ये त्याचा बाक डावीकडे, माझा उजवीकडे. बँड मोडला. फेस्टरवेल शाळेत गणित शिकवू लागला. वानशानने सुमो घेतली आणि दौकीच्या रस्त्यावर चालवली. आणि मी बा एंगेज झालो. पोरं मला पाहून कानाला मूठ लावायची. बाजारात बायका म्हणायच्या, "बा एंगेज, कांदे कसे दिले ते विचारताय, की लाइन लागत नाहीये?" एकदा तर खुद्द चर्चच्या पाळकांनी सूचना वाचताना म्हटलं, "उद्याची प्रार्थनासभा बा एंगेज यांच्या... क्षमा करा, बा ड्रिशन यांच्या घरी." तेइलिन सगळ्यांत मोठ्याने हसली.

मी त्या लोकांवर कधी रागावलो नाही. सगळा राग एकाच ठिकाणी जमा केला. मला खात्री होती की फेस्टरवेलने ती गिटार कुठेतरी आपटली किंवा स्वतः उघडून बोटं घातली, आणि दोष माझ्यावर ढकलला. मी इतक्या वेळा हे स्वतःला सांगितलं की मला ते आपटणं दिसूही लागलं होतं.

मग २०२१ च्या मार्चमध्ये फेस्टरवेलची बायको हिल्डामेरी पाठीवर बटाट्याचं पोतं घेऊन आमच्याकडे आली. पोत्यात बटाटे नव्हते.

"खुब्लेइ, बा ड्रिशन. ही माझ्या भावाची गिटार आहे. जरा बघता?"

मी पोत्यात पाहिलं. लाल रंग, डोक्याशी सिगारेटचा डाग. तो डाग पडला तेव्हा सिगारेट माझी होती.

"तुमच्या भावाची?"

"हो."

"तुम्हाला भाऊ आहे?"

हिल्डामेरीने तेइलिनकडे पाहिलं. तेइलिनने तिच्यापुढे पानसुपारी सरकवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "इबानचे पा, माणसाच्या नातेवाइकांची चौकशी करू नये. गिटार बघा." तेव्हा मला कळलं की हा दोघींचा कट आहे.

हिल्डामेरी जाताना दारात थांबली. "साखरेच्या आजारामुळे त्याची बोटं बधिर होत चाललीत," ती म्हणाली. "भावाची. अजून थोडे दिवस वाजवता आलं तर बघा म्हणावं."

मी अकरा स्क्रू काढले आणि वरची पांढरी प्लेट उचलली. आत सत्तावीस वर्षांची धूळ होती, आणि माझंच काम होतं. माझी वायर, माझी गाठ, माझं सोल्डर. त्याला मधे कोणी हात लावला नव्हता. पार्टच्या पाठीवर राखाडी रंगाचा, फुगलेला, पिठाच्या गोळीसारखा एक थेंब होता आणि अर्थिंगची वायर त्याच्यातून सुटून बाजूला उभी होती. पत्र्यावर तो थेंब कधी चिकटलाच नव्हता. नखाने टिचकी मारली तर टपकन टेबलावर पडला.

कच्चं सोल्डर. शिकाऊ माणसाचं काम. आणि ते मी केलं होतं.

तेइलिन शेंगा सोलत होती. "काय निघालं?" तिने विचारलं.

"वायर सुटली होती."

"कुणी लावली होती?"

"चहा आहे का?"

"चहा आहे. वायर कुणी लावली होती?"

मी स्क्रू मोजायला लागलो. ती उठली, चहा ठेवला आणि पुन्हा शेंगा सोलायला बसली. तीन दिवस ती काही बोलली नाही. पंचेचाळीस वर्षांत तिने मला दिलेली ही सर्वांत मोठी शिक्षा होती.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी ठरवलं होतं की जाड आयर्नने पक्कं सोल्डर करायचं, प्लेट बसवायची आणि हिल्डामेरीला पोतं परत द्यायचं. कोणाला कळलं असतं? दुसऱ्या दिवशी मी आयर्न तापवलं आणि बंद केलं. तिसऱ्या दिवशी मला वानशानची आठवण आली. सुमो घेतली तेव्हा तो मला म्हणाला होता, "आपलं कलकत्ता राहिलं ते राहिलं, बा. चूक कुणाची का असेना." तो २०१२ साली गेला. चूक कुणाची हे त्याला कधीच कळलं नाही, आणि त्याने कधी विचारलं नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर मी पोतं खांद्यावर टाकून फेस्टरवेलच्या घरी गेलो. गिटार दुरुस्त केली नव्हती. पुरावा जागेवर असावा म्हणून.

दार त्यानेच उघडलं. तो इतका जाड झाला होता की दारात दुसऱ्या कोणाला जागा नव्हती. मी म्हटलं, "तुझ्या मेव्हण्याची गिटार."

"मला मेव्हणा नाही."

"मला माहीत आहे. आत येऊ?"

मी त्याच्या जेवणाच्या टेबलावर प्लेट काढली आणि कागदात गुंडाळून आणलेला तो राखाडी थेंब त्याच्यापुढे ठेवला. "हे माझं," मी म्हटलं. "जाड आयर्न नव्हतं. मला कळत होतं की हे धरणार नाही. तरी चालेल म्हटलं. कलकत्ता माझ्यामुळे गेलं. तुमच्या चौघांचं."

फेस्टरवेलने चष्मा लावला. थेंब उचलला. उजेडात धरला. नखाने खरवडला. मग फार हळू आवाजात, शाळेतल्या पोरासारखं, त्याने विचारलं, "नक्की ना? पडल्यामुळे नाही ना?"

"कशामुळे?"

"त्या दिवशी सकाळी माझ्या हातून ती जिन्यावरून पडली होती. पेटीसकट. चाळीस पायऱ्या."

आतून हिल्डामेरीचा आवाज आला, "काय?"

"तू भात बघ!" तो ओरडला आणि पुन्हा हळू बोलला. "कोणाला सांगितलं नव्हतं. मैदानावर ती हंबरली तेव्हा मला वाटलं, झालं, माझ्यामुळेच. म्हणून तोंडातून तुझं नाव निघालं. आधी निघालं, विचार नंतर केला."

"आणि नंतर उघडून का नाही पाहिलीस? सत्तावीस वर्षं?"

"उघडली असती आणि माझी चूक निघाली असती तर?" तो म्हणाला. "बंद होती तोवर अर्धी तरी तुझी होती."

इथे मला मोह झाला, हे नमूद करतो. अर्धी-अर्धी करता आली असती. दोन म्हातारे हसले असते आणि भात खाल्ला असता. पण त्याचा चेहरा बघून ते जमेना. मी म्हटलं, "फेस्टर, ऐक. नीट केलेलं सोल्डर चाळीस पायऱ्या पडून सुटत नाही. आठशे पडूनही सुटत नाही. तुझ्या पडण्याने दोन दिवस लवकर सुटलं असेल, एवढंच. सुटणार होतंच. चूक माझी आहे. सगळी."

त्याने चष्मा काढला आणि डोळे पुसले. मग पोट हलवत हसायला लागला, आणि थांबेना. "म्हणजे मी माईकवर बोललो ते खरं होतं?"

"खरं होतं."

"पण बोलायला नको होतं."

"नको होतं."

"बस. जेवून जा," तो म्हणाला. हिल्डामेरीने तीन ताटं आधीच वाढली होती.

दुसऱ्या दिवशी मी वानशानच्या थडग्यावर जाऊन त्यालाही सांगितलं. खाली गवत कापणारा माणूस मान वर करून बघत होता. बघू दे.

कलम ६. थडग्यावर माझं खरं नाव लिहावं. पोरांनी खाली खडूने एंगेज लिहिलं तर पुसू नये. ते नाव मी कमावलेलं आहे, हे आता सिद्ध झालं आहे.

कलम ७. फेस्टरवेलच्या लाल गिटारीची देखभाल दाफिशाने करावी. ही अट आहे, विनंती नाही. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना टोकाशी काही लागत नाही. म्हणून मी सगळ्यांत बारीक तारा घातल्या आहेत आणि त्या इतक्या खाली आणल्या आहेत की मधल्या पट्टीवर तारेखाली पत्त्याची चारच पानं जातील. फुंकर घातली तरी दबाव्यात. तारांखालची घोडी याहून खाली नेऊ नये, तारा खुळखुळतात. त्याची बोटं आणखी बिघडली तर तारा अर्धा सूर उतरवून लाव. सैल तारेला कमी जोर लागतो. त्याला सांगू नकोस. गणिताचा माणूस आहे, हिशोब करत बसेल.

तो दर गुरुवारी गिटार घेऊन येतो आणि म्हणतो, "तिसरी तार बरोबर नाही." ती बरोबर असते. तरी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा, घोडीजवळ न्यावा, काहीही न फिरवता जरा कण्हावं आणि गिटार परत द्यावी. तो वाजवून बघेल आणि म्हणेल, "आता कशी!" मग त्याला बिनसाखरेचा चहा द्यावा. तो साखर मागेल. देऊ नये.

कलम ८. मी घरी बांधलेला लाकडी पेटीचा अँप्लिफायर ~~फेस्टरवेल पिंग्रोप याला द्यावा~~ मंडळीच्या तरुण गायकांना द्यावा.

वरची खाडाखोड माझ्या हातची आहे. त्याचं कारण: त्या अँप्लिफायरवर फेस्टरवेलचा तीन वर्षं डोळा आहे. पण आज वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचं मिळायचं ते जातं. फेस्टरवेल समोरच बसला होता, गुरुवार असल्यामुळे.

"ठरव," मी म्हटलं. "पेटी हवी की सही हवी?"

त्याने अँप्लिफायरकडे पाहिलं. उठून त्याच्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पेटी पोरांना दे. सही मी करणार. ड्रिशन सोहतुनचं डोकं ठिकाणावर आहे, असं सरकारी कागदावर लिहून द्यायची संधी मला पुन्हा कोण देणार?"

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तेइलिनने करावी. तशीही तीच करणार आहे.

वरील नऊ कलमं मी स्वतःच्या हाताने लिहिली, मोठ्याने वाचून दाखवली, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

ड्रिशन सोहतुन
(सही)

साक्षीदार १: रिशॉट मारबानियांग, शेजारी, चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. सही माझ्यादेखत झाली.
(सही)

साक्षीदार २: फेस्टरवेल पिंग्रोप, निवृत्त शिक्षक, जाइआव. सही माझ्यादेखत झाली. लिहून देणारा पूर्ण शुद्धीवर आहे. एक गोष्ट त्याने वर कुठेही लिहिलेली नाही, ती मी नोंदवतो: गेली तीन वर्षं त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याला वाटतं हे कोणाला माहीत नाही. सगळ्या जाइआवला माहीत आहे. तिसरी तार बरोबर असते हे मलाही कळतं. मी त्याच्या उजव्या हाताला बसतो आणि हळू वाजवतो, म्हणजे त्याला पुरतं.
(सही)

साक्षीदार २ याने वरचा मजकूर मला न विचारता घातला आहे. कोणी खोडू नये.

ड्रि. सो.

स्थळ: स्वयंपाकघर, थाबांचं घर, जाइआव, शिलाँग
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२४